घर गहाण ठेवण्याआधी बाबांची रात्रपाळी बघ

पत्र

काका, मी बडोद्याच्या एमएसयूमध्ये (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) मानसशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. राहायला दांडिया बाजारात. बाबा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मशीन शॉपला आहेत, आई घरी शिवणकाम करते. २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादला विमान पडलं, तेव्हा आमच्या गल्लीतला प्रत्येक जण आठवडाभर तज्ज्ञ झाला होता. मला मात्र एकच वाटत राहिलं, की आत बसलेल्या माणसांना त्या क्षणी काय दिसत असेल, काय ऐकू येत असेल? शोधता शोधता कळलं की हा विषय विद्यापीठात शिकवतात, ‘ह्युमन फॅक्टर्स’ म्हणतात. इंग्लंडमध्ये एका वर्षाचं एमएससी आहे. अलकापुरीतला एजंट म्हणतो प्रवेश पक्का. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. आत्या म्हणते, “विमानाचंच शिकायचं तर पायलट हो नाहीतर इंजिनियर, हे मधलंच काय?” मामा म्हणतो, “पायलटला वेड लागलंय का, ते तपासणार का तू?” हा खरंच व्यवसाय आहे का, इंजिनियर नसताना मला कुणी घेईल का आणि आत्ता जाऊ की नंतर, एवढं सांगा. अजून एक, हे घरी बोलले नाहीये. मेलेल्या माणसांच्या माथी चूक मारायचं काम तर नाही ना हे?

— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर

मुली,

घरी न बोललेला प्रश्न तू सगळ्यांत खाली लिहिलास. मी तिथूनच सुरू करतो. त्याचं उत्तर लागलं की बाकीचे तीन सोपे आहेत.

माझं सांगतो. मी रावपुऱ्यात वाढलो आणि एकतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. त्यातली बरीचशी मुंबईच्या हँगरमध्ये रात्रपाळीला, शेवटची काही सुरक्षा (सेफ्टी) विभागात. पावसाळ्यातली एक रात्र. साडेतीन वाजले होते. एका इंजिनाचं काम उरकून काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंद केलं, सही केली. पाळी संपताना हत्यारं मोजली तर एक टॉर्च कमी. माझाच. विमान सहाच्या उड्डाणाला जायचं होतं. ते अडवलं, काउलिंग पुन्हा उघडलं, तर टॉर्च आत एका पाइपाच्या आडोशाला पडलेला. दोन दिवसांनी मेमो हातात आला, त्यात कारण एका शब्दात: निष्काळजीपणा. एक इन्क्रिमेंट गेलं.

आता मेमोत काय नव्हतं ते ऐक. त्या रात्री चौघांच्या कामाला आम्ही दोघं होतो. हत्यारांचा फळा हँगरच्या पार दुसऱ्या टोकाला होता, म्हणून प्रत्येक जण हत्यारं खिशात किंवा जवळच कुठेतरी ठेवायचा. टॉर्च काळा आणि काउलिंगच्या आतलं सगळंच काळं. मेमो फाइलला लागला आणि पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या एकाचा टॉर्च जवळजवळ त्याच जागी सापडला. त्यालाही मेमो. मग आमच्या एका म्हाताऱ्या फोरमननं कुणालाही न विचारता सगळ्या टॉर्चना पिवळी टेप गुंडाळली. मी तिथे असेपर्यंत पुन्हा टॉर्च राहिला नाही.

तू शिकायला निघालीस ते त्या पिवळ्या टेपचं शास्त्र आहे. मेमो लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

याच धंद्यातलं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. इंग्लंडला गेलीस तर पहिल्याच महिन्यात समोर येईल. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं उड्डाण, बर्मिंगहॅमहून मालागाला. वर चढत असताना कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली आणि हवेच्या दाबानं कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ही काच आदल्याच दिवशी पहाटे बदललेली होती. ती ९० बोल्टांनी बसते, त्यातल्या ८४ बोल्टांचा व्यास जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरनं कमी निघाला.

आपल्या गल्लीचा निकाल लगेच तयार: बदलणारा हलगर्जी. आता त्या माणसाच्या जागी उभी राहा. तो पाळीचा प्रमुख होता, माणसं कमी म्हणून काम स्वतःच्या अंगावर घेतलं. वेळ पहाटे तीन ते पाचची. काढलेले जुने बोल्ट हातात घेऊन तो तसेच शोधत गेला, आणि मुळात ते जुनेच चुकीचे होते, थोडे आखूड, तरी त्यांच्यावर काच व्यवस्थित टिकली होती. स्टोअरवाल्यानं सांगितलं की या काचेला वेगळा नंबर लागतो, पण हातातला बोल्ट डोळ्यांसमोर होता ना! मग दुसऱ्या इमारतीतल्या अंधुक उजेडातल्या कप्प्यांतून त्यानं नजरेनं बोल्ट जुळवले, वाचायचा चष्मा न लावता. काच बसवताना उभं राहायचा फलाट अडचणीचा, हात लांब ताणून काम करायचं, त्यामुळे बोल्ट त्याच्या खाचेत सैल बसतोय हे दिसलं नाही. त्या कामावर दुसऱ्या कुणाची तपासणी नियमानंच लागत नव्हती. आणि तो कामचुकार मुळीच नव्हता, उलट काम पुढे सरकवणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती.

चौकशीत त्याच्याशी बोलायला मानसशास्त्रज्ञ बसवला होता. मामाला हे सांग. वेड तपासायला नव्हता बसवला तो. शहाण्या, अनुभवी माणसाला ती प्रत्येक पायरी त्या रात्री बरोबर का वाटली, हे समजून घ्यायला बसवला होता.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत, शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ मध्ये, स्वच्छ लिहिलंय की अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटून देणं हा नाही. कागदावर तसं असलं तरी आपल्याकडे अपघात झाला की तासाभरात पोलिस, वकील, टीव्ही आणि गल्ली यांचा ताबा बसतो, आणि त्या गर्दीत उभं राहून ‘का वाटलं असेल?’ हे विचारणाऱ्याला लोक आरोपीचा वकील समजतात. ते ऐकून घ्यायची तयारी ठेव. अहमदाबादच्या अपघातावर मी इथे मत देणार नाही. प्राथमिक अहवालातल्या दोन ओळींवरून टीव्हीनं जे निकाल लावले तेवढे पुरे झाले.

आपल्या मराठी मुलखातला एक दाखला मात्र देतो, कारण तो मी तरुणपणी पेपरात वाचला आणि चुकीचा वाचला. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ धावपट्टी संपता संपता उचललं आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गासड्यांनी भरलेल्या ट्रकला त्याचं चाक लागलं. पुढे विजेच्या ताराही लागल्या. ५५ माणसं गेली. आमच्या हँगरमध्ये एकच वाक्य: “पायलटनं उशिरा उचललं.” ते खरंही होतं, न्यायालयीन चौकशीत ते आलं. पण त्याच अहवालात दुसरा दोषही तितक्याच ठळकपणे होता: विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक अडवायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती अडवली नाही. पायलटनं उद्या पुन्हा उशीर केला तर? रस्ता रिकामा असेल तर त्या उशिरानं कुणाचा जीव जाणार नाही. उशीर होऊच नये म्हणून प्रशिक्षण द्यायचंच, आणि झालाच तर तो पचेल अशी जागाही ठेवायची. आमच्यापैकी एकाच्याही तोंडी तेव्हा तो रस्ता आला नाही.

आत्याच्या ‘मधलंच काय?’ला उत्तर १९४३ च्या सुमाराचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप परत येऊन धावपट्टीवर पोटावर बसायची. पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वर घ्यायला जायचा आणि चाकं वर घ्यायचा. सगळे म्हणाले पायलटची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये बसून पाहिलं, तर दोन्हींची बटणं शेजारीशेजारी आणि हुबेहूब सारखी. त्यानं उपाय काढला: चाकाच्या बटणावर छोटं रबरी चाक लावा आणि फ्लॅपच्या बटणाला पाचरीसारखा आकार द्या, म्हणजे अंधारात हातालाही फरक कळेल. आजही कुठल्याही मोठ्या विमानात डोकावलीस तर चाकाच्या दांड्याच्या टोकाला चाकच दिसेल. ते एका मानसशास्त्रवाल्याचं काम आहे. आत्याला फोटो दाखव.

म्हणजे इंजिनियर नसणं हा अडसर नाही, उलट या विषयाची सुरुवातच तुमच्या लोकांनी केली. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड विद्यापीठासारख्या ठिकाणी वर्गात पायलट, कंट्रोलर (हवाई वाहतूक नियंत्रक), केबिन क्रू, मानसशास्त्राची मुलं असे सगळे शेजारी बसतात. पण खाच इथेच आहे. तुझ्या बाकावरच्या कंट्रोलरकडे दहा वर्षांच्या रात्री असतील आणि तुझ्याकडे पाठ्यपुस्तक. अभ्यास तू त्याच्यापेक्षा चांगला करशील, याबद्दल मला शंका नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र विचारतील, “हँगर आतून पाहिलाय का?” सुरक्षा विभागात असताना मी हुशार मुलांचे अर्ज याच प्रश्नावर बाजूला पडताना पाहिले आहेत. मला ते पटायचं नाही, तरी पडायचे.

आता व्यवसाय आहे का, ते सरळ सांगतो. भारतात ‘ह्युमन फॅक्टर्स तज्ज्ञ’ अशी पाटी असलेल्या जागा थोड्या आहेत. काम मात्र आहे, फक्त वेगवेगळ्या नावांनी वाटलेलं: विमान कंपनीचा सुरक्षा विभाग, थकव्याचं व्यवस्थापन, क्रूचं प्रशिक्षण, देखभाल कंपन्या, विमानतळ. डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं) २०२४ च्या जानेवारीत वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम काढले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे पूर्ण लागू होताना २०२५ च्या डिसेंबरात देशभर उड्डाणं कशी रद्द झाली, ते तू पाहिलं असशील. लोक विमानतळावर बॅगा उशाला घेऊन झोपले होते. माणसाला झोप लागते, एवढी साधी गोष्ट वेळापत्रकात बसवता येणं ही तुझ्या विषयातली नोकरी आहे. ती करणारी माणसं आत्ता कमी पडतात. हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा डोक्यात असेल तर सोडून दे, तिथे भौतिकशास्त्र आणि गणित लागतं.

आणि विमानाबाहेर पाहिलंस तर क्षेत्र केवढं तरी मोठं आहे. रेल्वे, दवाखाने, रासायनिक कारखाने. आपल्याच हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची नाव उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं, पुरेशी लाइफ जॅकेट नाहीत. त्यानंतरही मला कुणी विचारताना दिसलं नाही की किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला ‘ही नाव सोडू नका’ म्हणणं का जमलं नसेल.

हा ‘म्हणणं’ प्रकार जरा उलगडतो, कारण तिथे तुझ्याजवळ असं काही आहे जे क्रॅनफील्डच्या प्राध्यापकांजवळ नाही. मंगळूरला २२ मे २०१० ला विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, १५८ जण गेले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, उतरताना जागा झालेला, विमान फार उंच. सहवैमानिकानं पुन्हा वर घ्या, असं एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं. म्हणजे तो बोलला. पण बोलण्यापलीकडे, कॅप्टनच्या हातातून विमान काढून घेण्यापर्यंत, तो गेला नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत याला अधिकाराचा उतार वगैरे म्हणतात. आपल्याला पुस्तक कशाला हवं? आमच्या हँगरमध्ये मराठी पोरगा साहेबाला कधीच “हे चुकतंय” म्हणायचा नाही. तो म्हणायचा, “साहेब, एकदा बघून घेतलं तर बरं होईल का?” या वाक्यात धोक्याची सूचना आहे, पण ती ओळखायला मराठी घरात वाढावं लागतं. गुजराती कामगार तीच गोष्ट वेगळ्या वळणानं सांगतो, बिहारचा मुलगा तिसऱ्याच. तू बडोद्याची. तिन्ही भाषा रोज बोलतेस, चौथीत मॅन्युअल वाचतेस. इथे २०२४ च्या ऑक्टोबरात सी-२९५ लष्करी विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, चाळीस विमानं आपल्या गावात जोडली जाणार आहेत. तिथे कामाच्या जागी कोण कुणाला काय कसं सांगतो, यावर काम करायला बाहेरचा माणूस आणला तर त्याला पहिली दोन वर्षं कान तयार करण्यातच जातील.

म्हणून माझं मत: इंग्लंड हवंच, पण आत्ता नको. आणि घरावर तर नकोच.

एम.ए. पूर्ण कर. संख्याशास्त्र टाळू नकोस, तुमच्या शाखेत ते टाळायची साथ आहे. मग दोन-तीन वर्षं कुठलीही अशी नोकरी धर जिथे पाळ्या असतात आणि चुकीची किंमत मोठी असते: विमानतळावरचं ग्राउंड हँडलिंग, देखभाल कंपनीतलं प्रशिक्षण किंवा गुणवत्तेचं खातं, हवं तर एखाद्या रासायनिक कारखान्याचा सेफ्टी विभाग. पगार सुरुवातीला मनासारखा नसेल. त्यानंतर परदेशातलं शिक्षण तुझ्या हातात वेगळं पडेल, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला काहीतरी असेल. क्रॅनफील्डचा अभ्यासक्रम नोकरी करताकरता अर्धवेळही करता येतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा तर नोकरीतल्या माणसांसाठीच, बहुतांश दुरून शिकण्यासारखा आखलेला आहे. देशात राहायचं असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी आणि अहमदाबादची एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांचाही विचार कर, माणूस आणि यंत्र यांचा मेळ हा त्यांच्याही अभ्यासाचा भाग आहे. आयआयटीच्या एम.डेस.साठीची (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची) सीईईडी ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या तीन वर्षांच्या पदवीवर देता येते, प्रत्येक शाखेच्या प्रवेशाच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या नीट वाच. आणि लालबागला गती शक्ती विश्वविद्यालय तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे वाहतुकीवर व्याख्यानं होत असतात. एखादं ऐकायला मिळतंय का ते विचारून बघ, आणि शेवटी प्रश्न विचारणारी मुलगी हो.

एजंटबद्दल एकच. ‘प्रवेश पक्का’ हे वाक्य विद्यापीठाच्या पत्रावर आलं तरच खरं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाच. आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तोवर फुकटचं शिक्षण भरपूर आहे. अपघात चौकशीचे अहवाल, आपल्या एएआयबीचे (विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी विभागाचे) आणि ब्रिटनचेही, कुणालाही वाचता येतात. ५३९० चा मूळ अहवाल वाच, एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. नासाची एएसआरएस नावाची योजना १९७६ पासून चालू आहे. त्यात पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक स्वतःच्या चुका नाव गुप्त ठेवून लिहून पाठवतात, आणि ते किस्से इंटरनेटवर खुले आहेत. रोज दोन वाच. महिनाभरात कळेल तुला हा विषय आवडतो की फक्त अहमदाबादचं दुःख मनात बसलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण घर तारण ठेवायला दुसरी पुरत नाही.

राहिला तुझा प्रबंध. विषय शोधत असशील तर तो तुझ्या घरात जेवायला बसतो. बाबांची नाइट असते ना? रात्री दोन ते सकाळी सहा ही वेळ माणसाच्या शरीराची सगळ्यांत मंद वेळ, वैमानिकांच्या थकव्याचे नियमही तिच्याभोवती बांधलेले आहेत. मकरपुऱ्यात रात्री हजारो माणसं लेथवर, प्रेसवर त्याच वेळेत उभी असतात आणि त्यांच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. मालकाकडून परवानगी काढायला बाबा मदत करतील, आणि नाहीच मिळाली तर वीस कामगारांशी चहाच्या टपरीवर बोलता येईल. तुझ्या मार्गदर्शक बाईंना हे सांगून बघ.

या रविवारी बाबांना एवढंच विचार: पाळी बदलताना चार्ज देता तेव्हा पुढच्याला काय सांगता, आणि काय सांगायचं राहून जातं? घाई करू नकोस, शेव-उसळ खाता खाता विचार. ते “काही नाही राहत” म्हणतील. मग थोडा वेळ गप्प बस, आणि त्यानंतर जे येईल ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून वर तारीख घाल.